बुळकांडीचें रक्त आणि मुक्तेश्वरच्या शेळ्या

१८८९ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं एक सरकारी प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली, हें आपल्याकडे आतां फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. बुळकांडीसारख्या रोगाचें बीज भरवस्तींत बाळगणें धोक्याचें, हें स्थलांतराचें कारण उघड होतें. परंतु त्या बीजाच्या पोटांतच दुसरा एक धोका दडलेला होता.

विषाणु बाटलींत दीर्घकाळ टिकविण्याची सोय तेव्हां नव्हती. आजारी बैलाचें ताजें रक्त निरोगी बैलास टोंचावयाचें, तो आजारी पडला कीं त्याचें तिसऱ्यास. अशी परंपरा चालवावी लागे. हा रोग जंतूंना अडविणाऱ्या गाळणींतूनही पार होणाऱ्या विषाणूमुळें होतो, हें निकोल व आदिल-बे यांनीं १९०२ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें दाखविलें. पण व्यवहारांत वापरीत तें सबंध रक्तच. एका टोंचणीनें प्रतिकारक सीरम आणि दुसरीनें हें जिवंत रक्त दिलें, कीं जनावरास रोग सौम्य होई व दीर्घकाळचें संरक्षण लाभे. युक्ति नामी खरी. पण रक्त देणाऱ्या बैलाचें काय? गोचिडींमुळें होणाऱ्या तापाचे सूक्ष्म परोपजीवी पुष्कळ धडधाकट दिसणाऱ्या गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत मुक्काम करून असतात. विषाणूबरोबर तेही टोंचले जात. मग एखादें जनावर बुळकांडींतून वांचे आणि तांबडी लघवी होऊन त्या तापानें जाई. ज्याच्या गोठ्यांतला बैल गेला, त्यास हा भेद कोणत्या तोंडानें समजावून सांगावयाचा?

१९२० नंतरच्या दशकांत मुक्तेश्वरचे जे. टी. एडवर्ड्स यांनीं शेळीचा आश्रय घेतला. बुळकांडीचा विषाणु शेळीच्या शरीरांत वाढतो. गुरांचे हे परोपजीवी मात्र तेथें तग धरीत नाहींत. शेळी ही जणूं जिवंत गाळणीच. शेंकडों वेळां एका शेळींतून दुसरींत गेल्यावर विषाणु शुद्ध तर झालाच, शिवाय गुरांच्या बाबतींत इतका निवळला कीं सीरमच्या जोडीवांचूनही मैदानी गुरांना तो सोसूं लागला. शुद्धीसाठीं आरंभिलेल्या कामास हें मोठेंच फळ आलें. डोंगरी व विलायती गुरांना मात्र ही लस कडकच पडे. त्यांच्याकरितां अधिक सौम्य लस हवी होती. ती पुढें केनियांत वॉल्टर प्लोराइट यांनीं वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणु वाढवून सिद्ध केली. १९९५ नंतर भारतांत बुळकांडी आढळलेली नाहीं, आणि २०११ सालीं ती जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें.