मायना आणि मान : राज्यकर्त्या स्त्रियांच्या नामनिर्देशाविषयीं कांहीं विचार

जुन्या पत्रांत मजकुराइतकाच त्याचा मायनाही बोलका असतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कोणास काय लिहावें याचे दंडक मेस्तकांत घालून दिलेले असत आणि चिटणिसी पेशाच्या मनुष्यास ते मुखोद्गत असावे लागत. मायना चुकला तर मान चुकला, अशी त्या काळची समजूत होती. तेव्हां मायना हा केवळ शिष्टाचार नसून, समाज कोणास कशामुळें ओळखीत होता याचा तो अस्सल पुरावाच होय.

या दृष्टीनें पाहतां एक भेद स्पष्ट दिसतो. पुरुषाचा मायना त्याच्या विद्येवरून, पदावरून, वयावरून किंवा नात्यावरून ठरे. शास्त्री वेदशास्त्रसंपन्न, कारभारी राजमान्य राजश्री, सरदार अखंडितलक्ष्मीअलंकृत, वडील तीर्थरूप, पुत्र चिरंजीव. स्त्रीच्या बाबतींत मुख्य प्रश्न एकच : पति हयात आहे कीं नाहीं? हयात असल्यास सौभाग्यवती अथवा वज्रचूडेमंडित, नसल्यास गंगाभागीरथी. यांखेरीज जो 'मातोश्री' हा थोर शब्द, तोही अपत्याच्याच संबंधानें आलेला. पुरुषाची पत्नी निवर्तली म्हणून त्याच्या मायन्यांतील एक अक्षरही बदलत नसे.

जेथें स्त्रीच्या हातीं प्रत्यक्ष राज्यसूत्रें आलीं, तेथें ही रीत कशी अपुरी पडली तें पाहूं. राजाराममहाराज १७०० च्या मार्चमध्यें सिंहगडावर निवर्तले. हंबीरराव मोहित्यांच्या कन्या ताराबाई यांनीं त्यानंतर सात वर्षें औरंगजेबाशीं झुंज चालविली. खाफीखान सांगतो कीं, मोगलांच्या छावणींत त्या वेळीं आनंद झाला, कारण आतां समोर उरलीं तीं दोन लहान मुलें व एक असहाय स्त्री. त्याच खाफीखानास पुढें ताराबाईंच्या बुद्धीची व कर्तबगारीची साक्ष द्यावी लागली. भीमसेन सक्सेनानें तर त्यांस पतीहून समर्थ ठरविलें. परंतु राज्य पुत्राच्या नांवें, म्हणून कारभार बाईंचा असतांही नांव बालकाचें, असा प्रकार झाला. पुढील लेखनांत 'महत्त्वाकांक्षी' व 'कारस्थानी' हीं विशेषणें त्यांस जडलीं. १७५० सालीं त्यांनीं रामराजास साताऱ्यास कैदेंत घातलें, हें कृत्य समर्थनीय नव्हे. परंतु तसल्याच कृत्यास पुरुषाच्या चरित्रांत आपण पुष्कळदां 'राजकारण' म्हणतों, याचाही विचार झाला पाहिजे.

दोष देतांना जें घडतें, तेंच स्तुति करतांनाही घडतें. अहिल्याबाई होळकरांनीं १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला. 'महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें' चाळलीं असतां दरबारांतील राजकारणाचें केवढें जाळें त्यांच्याभोंवतीं पसरलें होतें तें कळतें. माल्कमनेंही १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांच्या राज्यव्यवस्थेचीच मुख्यतः वाखाणणी केली. आमच्याकडे मात्र घाट, मंदिरें व दानधर्म यांचेंच स्मरण अधिक. देवीपणाच्या तेजांत राज्यकर्ती झांकून गेली. याच्या उलट टोंकास आनंदीबाई. १७७३ सालीं नारायणरावांचा वध झाला. 'ध' चा 'मा' केल्याचा तो अस्सल कागद अद्यापि उजेडांत आलेला नाहीं, तरी लोकांच्या जिभेवर दोषी कोण तें केव्हांच ठरून गेलें आहे. देवी आणि कैकेयी यांमध्यें सामान्य, चुकणाऱ्या व शिकणाऱ्या राज्यकर्तीस जागाच ठेवलेली नाहीं.

मुद्रणकला आली, वृत्तपत्रें निघालीं, तरी जुनें मेस्तक सुटलें नाहीं. झांशीच्या लक्ष्मीबाई या बंडवाल्या सेनानायकांत सर्वांत शूर होत्या, असें खुद्द सर ह्यू रोज यांनीं म्हटलें. पण लोकांच्या स्मरणांत राहिलें तें 'बंडवाल्यांतील एकटा पुरुष' हें वाक्य. शंभरांवर वर्षांनीं इंदिरा गांधींची तीच गत झाली. १९६६ सालीं त्या पंतप्रधान झाल्या, तेव्हां विरोधकांनीं त्यांस 'गूंगी गुडिया' म्हणून हिणविलें. १९७१ च्या युद्धानंतर त्यांस दुर्गेची उपमा मिळाली. आणि मंत्रिमंडळांतील एकटा पुरुष असेंही त्यांच्याविषयीं बोललें गेलें. बाहुली, देवी आणि पुरुष अशीं तीन रूपें झालीं. 'पंतप्रधान' एवढें साधें पद कोणास पुरेसें वाटलें नाहीं.

पदनामाचा वाद तर अगदीं अलीकडचा आहे. २००७ सालीं प्रतिभाताई पाटील राष्ट्रपति झाल्या, तेव्हां या शब्दाचें स्त्रीलिंग काय, याची चर्चा वृत्तपत्रांतून रंगली. २०२२ सालीं द्रौपदी मुर्मू यांच्यासंबंधानें एका खासदाराच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' हा शब्द गेला व त्यास क्षमा मागावी लागली. व्याकरणाकडे पाहिलें असतें तर हा घोळ होता ना. 'पति' म्हणजे मूळचा स्वामी, रक्षण करणारा. नवरा हा अर्थ त्यांतीलच एक. पाणिनीच्या चौथ्या अध्यायांतील पहिल्या पादाचें ३४ वें सूत्र सांगतें कीं, पति शब्दाच्या पूर्वीं दुसरें पद असतां स्त्रीलिंगीं 'पत्नी' हें रूप विकल्पानें होतें. म्हणजे गृहपत्नी जसें शुद्ध, तसें स्त्रीवाचक गृहपति हेंही शुद्ध. तेव्हां स्त्रीस राष्ट्रपति म्हणण्यास व्याकरणाची मुळींच हरकत नाहीं. अडचण शास्त्राची नव्हती, कानांच्या सवयीची होती.

येथें कोणी म्हणेल कीं, 'ताई', 'दीदी', 'अम्मा' हे शब्द प्रेमाचे आहेत आणि पुरुषांसही 'दादा', 'भाऊ', 'अण्णा' म्हणतातच. हा आक्षेप खोटा नाहीं. 'बाई' हा शब्दही आमच्या भाषेंत आदराचाच आहे. परंतु दादांबरोबर पुरुषास 'साहेब'ही मिळतें, म्हणजे घरची ओळख व दरबारची ओळख अशा दोन्ही त्याच्या पदरीं पडतात. स्त्रीची घरची ओळख तेवढी दरबारांतही तिच्या मागोमाग जाते. भेद तो एवढाच.

संग्राहकांनीं हें मनावर घ्यावें, यास कारण आहे. कांहीं वर्षांमागें एका घराण्याचा रुमाल उलगडून आम्हीं त्याची यादी केली. वतनाच्या तंट्यांत एका विधवा बाईंनीं स्वतः लिहविलेलीं पत्रें तींत होतीं. आम्हीं तीं तिच्या मृत पतीच्या नांवाखालीं नोंदविलीं आणि पुढें 'कुटुंबाकडील पत्रें' एवढाच शेरा मारला. पुढें वतनाचा तो तंटा तपासूं लागल्यावर तींच पत्रें आमचीं आम्हांस सांपडेनात. जी व्यक्ति दहा वर्षें तंटा लढली, ती आमच्या एका शेऱ्यानें नाहींशी झाली होती. यास मेस्तककार जबाबदार नव्हे, दोष आमचाच.

म्हणून विनंती इतकीच कीं, याद्या करतांना मायना जसाच्या तसा उतरून घ्यावा, कारण तो पुरावा आहे. पण नोंद मात्र त्या स्त्रीच्या स्वतःच्या नांवें व तिनें केलेल्या कामावरून करावी. जुना मायना बदलण्याचा अधिकार आपणांस नाहीं. सूची आपली आहे. तींत मान कोणास कशावरून द्यावयाचा, तें आपल्या हातीं आहे.