दीडशे तासांची कमाई

मालकाने कामगाराच्या शिक्षणासाठी पैसा बाजूला काढला, म्हणजे तो पैसा कोणाचा झाला? प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. पण त्याचे उत्तर कोणत्या देशात कसे दिले गेले, ह्यावरून तेथील कामगारांचे शहाणपण पुष्कळसे मोजता येते. त्या पैशाला देणगी मानले की कामगार हात जोडून उभा राहतो, आणि साहेब पाठवील त्या वर्गाला मुकाट्याने जाऊन बसतो. त्याला मजुरी मानले, तर तो कोठे व कशासाठी खर्च व्हावा हे ठरविण्याचा हक्क आपला आहे, असे त्याला वाटू लागते. इटलीतील धातुकामगारांनी १९७३ साली ही दुसरी वाट धरली. तिची हकिकत आज श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीच्या दक्षिणेकडील खेड्यांतून माणसांचे लोंढे तुरीन व मिलान ह्या शहरांकडे निघाले. मोटारी, टंकलेखनयंत्रे, शीतकपाटे ह्यांचे कारखाने त्यांच्या हातांवर उभे राहिले. पण हे हात ज्यांचे, त्यांपैकी असंख्य लोकांचे शिक्षण पाचव्या इयत्तेवर किंवा त्याही अलीकडे थांबलेले होते. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना एकच माध्यमिक शाळा, हा कायदा तेथे १९६२ च्या अखेरीस झाला. तोवर ही माणसे मोठी होऊन कामाला लागली होती. शाळाही गरिबाला धार्जिणी नव्हती. तस्कनीच्या डोंगरातील बार्बियाना गावी लोरेंझो मिलानी नावाच्या धर्मगुरूने नापास ठरलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालविली होती. तेथील विद्यार्थ्यांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पत्ररूप पुस्तक लिहिले. ते १९६७ साली प्रसिद्ध झाले, आणि नापास मूल होते की शाळा, हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला.

दोनच वर्षांनी, १९६९ च्या शरदात, कारखान्या-कारखान्यांतून संपांची लाट उठली. पुढे २० मे १९७० रोजी कामगारांच्या हक्कांचा कायदा झाला. शिकणाऱ्या कामगाराला सोयीची पाळी मिळावी, परीक्षेच्या दिवशी पगारी रजा मिळावी, अशी तरतूद त्याच्या दहाव्या कलमात आहे. परंतु शिकायला वेळच नसेल, तर परीक्षेची रजा काय कामाची? म्हणून १९७२-७३ च्या करारात धातुकामगारांच्या तिन्ही संघटनांनी एकजुटीने नवी मागणी पुढे केली. अनेक महिन्यांच्या झुंजीनंतर, तुरीनचा प्रचंड मोटार कारखाना कामगारांनी अडवून धरल्यावर, १९७३ च्या एप्रिलमध्ये करार झाला. त्यात प्रत्येक कामगाराला तीन वर्षांत मिळून १५० तास पगारी वेळ शिक्षणासाठी मिळाला. हे सर्व तास एकाच वर्षात वापरण्याचीही मुभा होती.

ह्या कलमाच्या दोन अटी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अट अशी की, कामगार जो अभ्यासक्रम घेईल तो निदान दुप्पट तासांचा असला पाहिजे. म्हणजे मालकाने १५० तास दिले, तर कामगाराने आपल्या विश्रांतीतले तितकेच तास घालावयाचे. दुसरी अट अशी की, एका वेळी कारखान्यातील शेकडा दोनांहून अधिक माणसे ह्या कारणाने गैरहजर राहू नयेत. पहिल्या अटीने फुकट्याला वाव ठेवला नाही. दुसरीमुळे आधी कोणी जायचे, हे कामगारांना आपसांत ठरवावे लागले. जो सर्वांत कमी शिकला, त्याची पाळी पहिली, असे धोरण संघटनांनी ठेवले.

खरा वाद निराळाच होता. मालकपक्षाचे म्हणणे असे की, आमच्या पैशाने शिकायचे तर आमच्या यंत्राला उपयोगी तेच शिका. संघटनांनी ते साफ नाकारले. वाटाघाटींच्या वेळी मालकपक्षाच्या एकाने टोमणा मारला, ‘मग काय, तुमचे लोक ह्या तासांत क्लाव्हिचेंबालो वाजवायला शिकणार?’ क्लाव्हिचेंबालो म्हणजे जुन्या दरबारांतले पियानोसारखे वाद्य. ‘वाटले तर तेही शिकतील,’ असे उत्तर मिळाले, अशी हकिकत इटलीत अजून सांगतात. ह्या उत्तरात उद्धटपणा नाही, व्यवहार आहे. यंत्रापुरते शिकविलेले यंत्राबरोबरच मोडीत निघते. शिवाय यंत्राचे शिक्षण द्यावयाची मालकाला स्वतःलाच गरज असते. ती कामगाराने आपल्या १५० तासांतून का भागवावी?

१९७४ च्या आरंभी सरकारी शाळांतून वर्ग सुरू झाले. मालकाने वेळेची मजुरी दिली, सरकारने शिक्षक व खोल्या दिल्या, कामगाराने आपली संध्याकाळ दिली. मुख्य उद्दिष्ट होते माध्यमिक शाळेच्या दाखल्याचे. आपल्याकडे एके काळी सातवीच्या फायनलला जे मोल होते, तेच तेथे ह्या दाखल्याला होते. पण वर्गात मुलांची क्रमिक पुस्तके घोकून भागणार नव्हते. चाळिशीतला ओतारी आणि विशीतला फिटर समोर बसले असता शिक्षकालाच नव्याने शिकावे लागले. पगारपत्रकावरील कपाती उलगडताना शेकडेवारी आली. आपण गाव का सोडले हे लिहिताना व्याकरण आले आणि देशाचा इतिहासही आला. कारखान्यातील धूर आणि गोंगाट ह्यांची चर्चा करताना रसायन व शरीरशास्त्र आले. विद्यापीठांतूनही अशा विषयांवर चर्चावर्ग निघाले.

पुढे हा हक्क इतर धंद्यांच्या करारांतही शिरला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांचा कोणी मालकच नव्हता, ते बेकार आणि गृहिणी ह्याच वर्गांच्या दारातून आत आले. मिलानच्या आफोरी भागातील गृहिणींचा वर्ग प्रसिद्ध आहे. धातुकामगारांनी झुंजून उघडलेले दार त्यांच्या बायकांना आणि शेजारणींनाही उपयोगी पडले. १९८० साली तुरीनच्या लढ्यात कामगार हरले, चळवळीचा जोर ओसरला, आणि वर्गातले कामगारही कमी झाले. परंतु वर्ग बंद पडले नाहीत. १९९७ साली सरकारने प्रौढशिक्षणाची कायम केंद्रे काढली, ती ह्याच परंपरेतून. आज त्यांच्या वारस केंद्रांतून परदेशांतून आलेले मजूर इटालियन भाषा शिकतात.

ह्याच्या शेजारी फ्रान्सचे उदाहरण ठेवून पाहावे. तेथे १६ जुलै १९७१ च्या कायद्याने दहा वा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक मालकावर पगारखर्चाच्या ०.८ टक्का रक्कम शिक्षणावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि पुढे तो आकडा वाढतही गेला. पैसा मुबलक झाला. पण शिक्षणाची योजना मालकाच्या हाती राहिली. परिणामी इंजिनियर व अधिकारी ह्यांच्या वाट्याला पुष्कळ आणि अकुशल कामगाराच्या वाट्याला थोडे, अशी तक्रार तेथे वर्षानुवर्षे होत राहिली. पाणी आपण होऊन सखल भागाकडे जाते. शिक्षणाचा पैसा मात्र चढाकडे धावतो. त्याला खाली आणण्यासाठी पाट खणावे लागतात.

आपल्याकडेही पाट नाहीत असे नाही. मुंबई राज्यात १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कामगारांचे न दिलेले वेतन आणि त्यांच्याकडून वसूल केलेले दंड त्या निधीत जमा होतात. म्हणजे त्यातला काही पैसा तर अक्षरशः कामगाराच्याच खिशातला. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले व त्याचे मुख्य ठाणे नागपुरास आले. आज अनेक कंपन्या नोकरांच्या प्रशिक्षणासाठी वेगळी रक्कम ठेवतात. प्रश्न हा की, ती रक्कम किती, कोणासाठी आणि कोणाच्या निर्णयाने खर्च होते, हे विचारतो कोण?

संघटनेच्या कामात आम्ही पाहतो की बोनसच्या एका टक्क्यासाठी रात्र रात्र बैठका चालतात, आणि शिक्षणाच्या रकमेचे कलम कोणी वाचतही नाही. बोनस दिवाळीत येतो आणि दिवाळीतच जातो. शिकलेले मात्र कारखान्याला टाळे लागले तरी कोणी काढून घेऊ शकत नाही. गिरणगावाने हे पुरते भोगले आहे. म्हणून इटलीच्या कामगारांकडून तीन गोष्टी घ्याव्या: हा पैसा मजुरी समजून मागावा; सर्वांत मागे राहिलेल्याला आधी द्यावा; आणि मालकाच्या एका तासाला आपला एक तास जोडावा. पहिल्या दोन गोष्टी संघटना मिळवून देईल. तिसरी ज्याची त्यानेच द्यावयाची आहे.