मोटेलवाला अनिल आणि कांती नॅपकिन

‘बातों बातों में’मधला व्हायोलिन वाजवणारा सॅव्ही परेरा किंवा ‘खूबसूरत’मधला जगन ज्यांना आठवतो, त्यांना रणजीत चौधरी यांची ओळख करून द्यायला नको. मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर ज्यांचा दबदबा होता त्या पर्ल पदमसी यांचे ते चिरंजीव. ऐंशीच्या दशकात ते अमेरिकेला गेले. त्यांचं तिथलं काम मात्र आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि ते पाहण्यासारखं आहे.

त्याआधी अमेरिकी पडद्यावरचा भारतीय म्हणजे बहुतेकदा चेहरा रंगवलेला गोरा नट. ‘द रेन्स ऑफ रांचीपूर’मध्ये (१९५५) भारतीय डॉक्टर झाले रिचर्ड बर्टन. ‘द पार्टी’त (१९६८) बक्षी झाले पीटर सेलर्स. १९६५च्या कायद्याने स्थलांतराचं दार उघडलं, भारतीय डॉक्टर आणि इंजिनीअर अमेरिकेत घरं करून राहिले, त्यांची मुलं तिथल्या शाळांत जाऊ लागली. तरी १९८६च्या ‘शॉर्ट सर्किट’मधला भारतीय शास्त्रज्ञ फिशर स्टीव्हन्स यांनी तोंडाला रंग फासूनच केला.

मीरा नायर यांचा ‘मिसिसिपी मसाला’ १९९१मध्ये आला तो या पार्श्वभूमीवर. इदी अमीनने १९७२मध्ये युगांडातून हाकललेलं एक गुजराती कुटुंब मिसिसिपीतल्या ग्रीनवुड गावी नातेवाइकाच्या मोटेलात राहतं. डेमेट्रियस (डेन्झेल वॉशिंग्टन) आणि त्या कुटुंबातली मुलगी मीना (सरिता चौधरी) यांची प्रेमकथा पुढे सरकते, पण त्या गावातलं भारतीयांचं जग उभं करतात ती आजूबाजूची माणसं. मोटेलवाला अनिल म्हणजे रणजीत चौधरी: नुकतं लग्न झालेला, धंद्याच्या काळजीने सदा कावलेला. आणि कांती नॅपकिन हे अफलातून नाव मिरवणारा गृहस्थ म्हणजे आपले डॉ. मोहन आगाशे! ‘घाशीराम कोतवाल’मधल्या नाना फडणवीसांचा रुबाब ज्यांनी पाहिलाय, त्यांनी हा कांती जरूर पाहावा. मीनाची गाडी डेमेट्रियसच्या व्हॅनवर आदळते, तो कोर्टात जाईल या धास्तीने ही मंडळी त्याच्याशी सलगी करू लागतात आणि आपण सगळे गोरे नसलेले म्हणजे एकच, असं त्याला पटवतात. मुलगी त्याच्या प्रेमात पडल्यावर तो एकोपा कुठल्या कुठे जातो. आपल्या समाजाचा वर्णद्वेष इतक्या थोड्या वेळात उघडा पाडणं हे दुय्यम भूमिकांचंच बळ.

त्याच वर्षी दीपा मेहता यांचा कॅनडातला ‘सॅम अँड मी’ही आला. चौधरी त्यात प्रमुख भूमिकेत होते आणि पटकथाही त्यांचीच होती. मनासारखी भूमिका मिळेना तेव्हा ती लिहून काढणारा नट मला मोठा वाटतो.

पुढे मालिका आल्या. ‘द ऑफिस’मध्ये चौधरींनी केलेला, टेलिमार्केटिंग करणारा विक्रम जेमतेम दोन भागांत दिसतो. त्याच काळात ‘द सिम्पसन्स’मधल्या अपू या भारतीय दुकानदाराला आवाज मात्र हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. टीकेचा जोर वाढल्यावर २०२०च्या जानेवारीत अझारिया बाजूला झाले.

त्या वर्षी १५ एप्रिलला रणजीत चौधरी मुंबईत गेले, वयाच्या ६४व्या वर्षी. ‘मिसिसिपी मसाला’ची नवी, स्वच्छ केलेली प्रत २०२२मध्ये आली आहे. ती मिळवून पाहा, आणि नायक-नायिकेच्या मागे उभ्या असलेल्यांकडे लक्ष असू द्या.