दुसऱ्यांच्या बाजारातली रसायने

घरच्या घरी रसायनशास्त्राचे प्रयोग करू पाहणाऱ्याला आज साधी रसायनेही मिळत नाहीत आणि याला कायद्यांचा जाच कारणीभूत आहे, अशी तक्रार विज्ञानाच्या हौशी मंडळींकडून नेहमी ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण पूर्वी कधीतरी हौशी प्रयोगकर्त्यासाठी रसायनांचा बाजार खुला होता आणि तो कोणीतरी बंद केला, हे तिच्यामागचे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. माझ्या मते असा बाजार फारसा कधी नव्हताच. घरातला प्रयोग औषधविके, रंगारी, सोनार, कल्हईवाले, छायाचित्रकार यांच्यासाठी आलेल्या मालावर जगत आला. १८१२च्या जुलैत लंडनमध्ये पुस्तकबांधणीची उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरेडेने घरी विद्युतघट रचला, तो जस्ताच्या सात चकत्या, अर्ध्या पेनीची सात नाणी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद यांचा. त्या विजेने त्याने विघटन केले ते एप्सम सॉल्टचे, म्हणजे लोक रेचक म्हणून घेत त्या क्षाराचे. जस्त सोडले तर यातली एकही वस्तू विज्ञानासाठी विकायला ठेवलेली नव्हती.

याहून बोलके उदाहरण विल्यम हेन्री पर्किनचे आहे. १८५६च्या ईस्टरच्या सुट्टीत हा अठरा वर्षांचा विद्यार्थी पूर्व लंडनमधल्या राहत्या घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने करू पाहत होता. क्विनीन झाले नाही, जांभळा रंग झाला. या गोष्टीत सगळे कौतुक योगायोगाच्या वाट्याला जाते, मालाकडे कोणी बघत नाही. पर्किनने वापरलेले पोटॅशियम डायक्रोमेट इंग्लंडात मुबलक होते, कारण कापड छापणाऱ्यांना पिवळ्या रंगासाठी ते लागे. ॲनिलिनचे मूळ होते डांबरात, आणि डांबर होते रस्त्यांवरच्या गॅसबत्त्यांमुळे: दगडी कोळशापासून गॅस काढताना उरणारा हा काळा चिकटा कारखान्यांना नकोसा झाला होता. ॲनिलिन करायला लागणारे बेंझीन त्यातून वेगळे काढण्याची रीत पर्किनचे गुरू हॉफमन यांच्याच प्रयोगशाळेत चार्ल्स मॅन्सफील्डने बसवली, आणि ते काम करतानाच १८५५मध्ये भाजून त्याचा मृत्यू झाला. शिवाय पर्किनचे ॲनिलिन शुद्ध नव्हते. त्यात टोल्युइडिन मिसळलेले होते, आणि मॉव्ह नावाच्या त्या जांभळ्या रंगाचे मुख्य रेणू त्याच्याशिवाय घडतच नाहीत. पुढे ग्रीनफर्डला कारखाना काढल्यावर बेंझीन थेट ग्लासगोहून आणावे लागले. पुरेसे तीव्र नायट्रिक आम्ल तर बाजारात मिळेना, तेव्हा सोडियम नायट्रेट आणि गंधकाम्ल वापरून ती गरज भागवली. म्हणजे जोवर दुसऱ्या धंद्यांचा माल पुरत होता तोवर घरातला प्रयोग चालला. तो पुरेनासा झाला तेव्हा नवा धंदाच उभारावा लागला.

यावर कोणी म्हणेल की खास हौशी लोकांसाठी रसायनांच्या पेट्या निघतच होत्या. खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक अ‍ॅकम लंडनच्या सोहो भागातल्या दुकानातून अशा पेट्या विकत असे, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँडच्या पोर्टर केमिकल कंपनीने ‘केमक्राफ्ट’ आणून तो खेळण्यांचा व्यापार केला. पण अ‍ॅकमच्या गिऱ्हाइकांत खनिजे पारखणारे आणि शेताची माती तपासणारे होते, आणि केमक्राफ्टच्या पेटीत जे भरले जाई ते कारखानदारीला लागणाऱ्या मालाचेच चमचाभर नमुने. पेटीने पुडी बांधली. माल मोठ्या बाजाराचाच राहिला.

कायद्याचा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्रिटनमध्ये १८५१च्या आर्सेनिक कायद्याने किरकोळ विक्रीची नोंद सक्तीची केली आणि त्या विषात काजळी किंवा नीळ मिसळायला लावली. मात्र ज्याच्या कामात असा रंग चालणार नाही त्याला ते बिनरंगी मिळे, अट एवढीच की एका वेळी किमान दहा पौंड घ्यायचे. कायद्याच्या डोळ्यांसमोर धंदेवाला होता. थोडेसे मागणारा तेवढा संशयित. भारतात अ‍ॅसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३मध्ये किरकोळ विक्रीसाठी नोंदवही, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि खरेदीचे कारण बंधनकारक केले, अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. ज्या यातनांमुळे हे निर्बंध आले त्या पाहता हौशी प्रयोगकर्त्याची गैरसोय मला तरी क्षुल्लक वाटते. पण कायद्याने सगळे स्पष्ट होत नाही. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाल्यांचा हायपो, याच्यावर कोणती बंदी आली? तरीही कृष्णधवल फिल्म धुणारे स्टुडिओ गेले तसा तोही कोपऱ्यावरून गेला. नवसागराचेही तेच: तांब्या-पितळेची भांडी मागे पडून स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम आले, कल्हईवाल्याची फेरी थांबली, आणि त्याला नवसागर पुरवणाऱ्या दुकानदाराने तो ठेवणे कमी केले.

याच्या उलट मोरचूद बघावे. शाळकरी पोराला निळेशार स्फटिक वाढवायला ते हवे असते आणि नाशिक-सांगलीकडे ते सहज मिळते, कारण द्राक्षबागायतदार चुन्याबरोबर मोरचूद कालवून केवडा रोगावर बोर्डो मिश्रण फवारतो. ही फवारणी फ्रान्समध्ये मियार्देने १८८५मध्ये प्रसिद्ध केली; तिच्यामागे मुलांच्या प्रयोगाचा विचार कणभरही नव्हता. मिळणारे मोरचूद शेतीच्या दर्जाचे असते, पुडाही बहुधा गरजेपेक्षा मोठा घ्यावा लागतो. उद्या सगळे बागायतदार तयार बुरशीनाशकांकडे वळले, तर ते कृषी सेवा केंद्राच्या फळीवरून उतरवायला कोणत्याही कायद्याची गरज पडणार नाही.