रायचूरची लढाई कोणत्या महिन्यात झाली?

नकाशावर कर्नाटकातलं रायचूर शोधा. वरून कृष्णा येते, खालून तुंगभद्रा. दोघी पूर्वेकडे जात कर्नूलजवळ एकमेकींना मिळतात. त्यांच्या मधला पट्टा म्हणजे रायचूर दुआब. १४व्या शतकाच्या मध्यापासून १५६५ पर्यंत, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं, उत्तरेचे बहमनी सुलतान (पुढे विजापूरचे आदिलशाह) आणि दक्षिणेचं विजयनगर या पट्ट्यासाठी लढत राहिले. रायचूर आणि मुदगल हे किल्ले कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे.

का? शाळेत मिळणारं उत्तर म्हणजे धर्म. पण रायचूरच्या किल्ल्याच्या तटातला मोठा शिलालेख १२९४ चा आहे. तो तट काकतीयांच्या सरदाराने बांधवला. तेव्हा बहमनीही नव्हते आणि विजयनगरही नव्हतं, तरी इथे पक्का किल्ला हवा होताच. शिवाय सैन्यं सरमिसळ होती. विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने मुसलमान धनुर्धर मुद्दाम नोकरीत घेतले, हे सांगतो तो विजापूर दरबारचा इतिहासकार फरिश्ता.

दुसरं उत्तर म्हणजे संपत्ती. काळी कापसाची जमीन आहे, हट्टीला सोन्याची खाण आहे. हे खरंच आहे. पण त्यातून हा पट्टा हवासा का वाटला एवढंच कळतं. तो कुणालाच कायमचा का टिकवता आला नाही, हे कळत नाही.

मी विज्ञानाकडून इतिहासाकडे वळलेली, त्यामुळे माझा पहिला प्रश्न साधा असतो: लढाई कोणत्या महिन्यात झाली? दुआबात स्वतःचा पाऊस कमीच. पण कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, आणि तुंगभद्राही सह्याद्रीचंच पाणी आणते. पाऊस पडतो घाटात आणि वाट बंद होते रायचूरला! उन्हाळ्यात नदीला उतार सापडतात, म्हणजे घोडे, बैल, गाडे पार नेता येतील अशा उथळ जागा. जून सरला की त्या बुडतात. मग उरतात गोल टोपलीसारख्या, चामडं मढवलेल्या नावा. पोर्तुगीज प्रवासी पायश याने १५२० च्या सुमारास आनेगुंदीजवळ त्या पाहिल्या आणि त्यातून १५-२० माणसं जातात असं लिहून ठेवलं. एवढ्यावर अख्खी फौज पार नेणं सोपं नाही.

आता १५२० ची लढाई बघा. महिना मे. कृष्णदेवरायाने रायचूरला वेढा घातलाय. इस्माइल आदिलशाह कृष्णा ओलांडून येतो आणि नदी पाठीशी ठेवून उभा राहतो. त्याच्या तोफांच्या पहिल्या माऱ्याने विजयनगरची आघाडी फुटते. पण तोफा पुन्हा भरायला वेळ लागतो. तेवढ्यात उलट हल्ला होतो आणि विजापूरची फौज थेट नदीत ढकलली जाते. कित्येक जण बुडाले, असं नुनिश हा पोर्तुगीज लेखक सांगतो.

१५६५, तालिकोट. महिना जानेवारी. रामरायाच्या लोकांनी कृष्णेचा उतार अडवून धरला होता. फरिश्ताच्या मते सुलतानांच्या फौजा काठाकाठाने पुढे सरकत राहिल्या. समोरच्याला वाटलं, हे दुसरीकडून उतरणार, म्हणून तोही सरकला. मग त्या झपाट्याने मागे फिरल्या आणि मोकळ्या झालेल्या उतारावरून पार झाल्या.

मग पावसाळ्यात कुणी नदी ओलांडलीच नाही का? ओलांडली. १३६६ च्या मोहिमेत मुहम्मदशाह बहमनी भरल्या कृष्णेतून पार गेला, असं फरिश्ता सांगतो. पण तो ते पराक्रम म्हणून सांगतो. रोजची गोष्ट असती तर कुणी लिहून ठेवली असती का? (फरिश्ता यानंतर सव्वादोनशेहून जास्त वर्षांनी लिहितोय. त्याचे मृतांचे आकडे मी जपूनच वाचते.)

म्हणून माझं म्हणणं असं. दुआब दोघांच्याही हाताशी होता आणि दोघांच्याही राजधानीपासून नदीने तुटलेला होता. पाऊस सुरू होताना किल्ल्यात ज्याची शिबंदी, त्याचं ते वर्ष. पाणी ओसरलं की दुसऱ्याला पुन्हा संधी. दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या तोवर हे चालू राहिलं. १५६५ नंतर विजयनगर खचलं आणि दुआब विजापूरकडे गेला.

याचा अर्थ धर्म किंवा सोनं यांना काहीच महत्त्व नव्हतं असा नाही. राजे आपापल्या विजयांना धर्माची भाषा देत होतेच. पण त्या भाषेवरून आपण आज दोन समाज शेकडो वर्षं एकमेकांवर तुटून पडत होते असं चित्र रंगवतो आणि त्यावरून आजचे हिशेब मांडतो, तेव्हा तटावरचा काकतीय लेख, देवरायाचे धनुर्धर आणि नदीचे उतार या सगळ्याकडे पाठ फिरवावी लागते.

पुढच्या वेळी कुठल्याही लढाईबद्दल वाचाल, तेव्हा कोण जिंकलं हे बघण्याआधी महिना शोधून बघा. आणि मधे नदी असेल तर तिचा उगमसुद्धा.