सोलापूर डाळिंब

सोलापूर डाळिंब हे महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यात पिकणारे व २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले डाळिंब होय. सांगोला, पंढरपूर, माळशिरस, मोहोळ व मंगळवेढा या तालुक्यांत त्याच्या बागा प्रामुख्याने आढळतात. भारत हा जगातील आघाडीच्या डाळिंब उत्पादक देशांपैकी एक असून देशातील निम्म्याहून अधिक उत्पादन महाराष्ट्रात होते. सोलापूरखेरीज नाशिक, अहिल्यानगर, सांगली (विशेषतः आटपाडी) व पुणे हे राज्यातील इतर डाळिंब जिल्हे आहेत.

‘निर्यातीचे पीक’ अशी डाळिंबाची ख्याती असली, तरी ती आकड्यांशी ताडून पाहावी लागते. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ७२ हजार टन डाळिंब निर्यात झाले. देशाचे वार्षिक उत्पादन मात्र २५ लाख टनांहून अधिक आहे. म्हणजे शंभर किलो फळांतील जेमतेम तीन किलो परदेशी जातात. भारतीय कॉफीची स्थिती याच्या अगदी उलट आहे. तिचे सुमारे दोन तृतीयांश उत्पादन देशाबाहेर विकले जाते. त्यामुळे डाळिंब उत्पादकाचे बरेवाईट आजही मुख्यतः देशातील बाजारभावावरच ठरते.

हवामान व लागवडीचा विस्तार

डाळिंबाचे शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनेटम असे आहे. इराणपासून उत्तर भारतापर्यंतचा प्रदेश हे त्याचे मूळस्थान मानले जाते. कोरडी हवा, कडक ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी हलकी, मुरमाड जमीन या झाडाला मानवते. पर्जन्यछायेतील सोलापूर जिल्ह्यात ज्या माळरानावर ज्वारीही धड येत नसे, तेथे हे पीक रुजले. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली, तेव्हा लागवडीला खरा वेग आला. पुढे ठिबक सिंचन आणि शेततळी यांनी अवर्षणाच्या वर्षीही बागा जगवल्या. सांगोला तालुक्यातील अजनाळे हे गाव शेततळ्यांमुळे व डाळिंबामुळे राज्यभर ओळखले जाते. लागवडीसाठी पूर्वापार गुटी कलमे वापरली जातात. अलीकडे ऊतिसंवर्धित रोपांचाही वापर होतो.

वाण

पुण्यातील गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये ‘आळंदी’ या स्थानिक प्रकारातून निवड करून जो वाण तयार केला, तो पुढे ‘गणेश’ या नावाने प्रसिद्ध झाला. मऊ बी व गोड रस यांमुळे त्याने अनेक दशके बाजार राखला; मात्र त्याचे दाणे फिकट गुलाबी असत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्यानंतर मृदुला, आरक्ता व भगवा हे लाल दाण्यांचे वाण दिले. त्यांपैकी ‘भगवा’ने इतर सर्वांना मागे टाकले. चकचकीत केशरी-लाल रंग, टपोरे दाणे आणि जाड साल हे त्याचे गुण होत. साल जाड असल्याने फळ लांबचा प्रवास सोसते. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र अशा अनेक नावांनी तो गावोगाव ओळखला जातो, त्यामुळे हे वेगवेगळे वाण असावेत असा नवख्याचा गैरसमज होतो. संपूर्ण पट्टा एकाच वाणावर विसंबून राहणे ही मात्र या लोकप्रियतेची जोखमीची बाजू आहे.

बहार

उष्ण प्रदेशात डाळिंबाला वर्षभर थोडीथोडी फुले येत राहतात. म्हणून पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करून खत घालायचे व पुन्हा पाणी सोडायचे, अशा रीतीने हव्या त्या वेळी फुले आणली जातात. यालाच बहार धरणे म्हणतात. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैमध्ये, तर हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरतात. भगव्याचे फळ फुलोऱ्यानंतर साधारण सहा महिन्यांनी तोडणीस येते. या पद्धतीमुळे भारतातून जवळजवळ वर्षभर फळ उपलब्ध होऊ शकते. स्पेन, तुर्कस्तान यांसारख्या स्पर्धकांचा हंगाम शरद ऋतूपुरता असतो. तो ओसरल्यावर निघणाऱ्या भारतीय फळाला युरोपात संधी मिळते.

रोग व कीड

या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. झँथोमोनास वंशाच्या जिवाणूमुळे पाने, फांद्या व फळे यांवर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकते आणि विक्रीयोग्य राहत नाही. पावसाचे उडणारे थेंब, छाटणीच्या कात्र्या व रोगट कलमे यांतून तो पसरतो. २००३ च्या सुमारापासून महाराष्ट्रात त्याने साथीचे रूप घेतले व अनेक शेतकऱ्यांनी बागा काढून टाकल्या. रोगाचे जिवाणू पूर्णपणे मारणारे औषध नाही. स्वच्छता, निरोगी रोपे आणि बहाराची निवड हेच मुख्य उपाय होत.

मृग बहाराची फळे पावसात वाढतात, म्हणून तेल्याचा धोका त्यालाच अधिक. हस्त बहार त्या मानाने सुरक्षित समजला जातो. परंतु सोलापुरात वर्षातील सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्येच पडतो, आणि ज्या काळात झाडाला ताण बसायला हवा त्याच काळात जमीन ओली राहते. कोरड्या प्रदेशाच्या या पिकाची ही अडचण बाहेरच्या वाचकाला सहसा ध्यानात येत नाही. तेल्याच्या जोडीला सेराटोसिस्टिस बुरशीमुळे होणारी मर व खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा यांनीही सांगोला परिसरात मोठी हानी केली आहे.

संशोधन

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये स्थापन झाले. ते सोलापूरजवळ केगाव येथे आहे. लोह, जस्त व क जीवनसत्त्व यांचे प्रमाण अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ आणि वाळवून वापरण्यासाठीचा आंबट ‘सोलापूर अनारदाणा’ हे वाण या केंद्राने विकसित केले.

देशांतर्गत बाजार

फळांचा बहुतांश व्यापार ताज्या स्वरूपात होतो. क्रेटमध्ये प्रतवारी करून माल सांगोला, पंढरपूर, सोलापूर व पुण्याच्या आडत बाजारांत जातो, किंवा व्यापारी थेट बागेवर येऊन सौदा करतात. उपवास, रमजान आणि आजारपण ही मागणीची ठरलेली निमित्ते. रस व अनारदाणा यांचा प्रक्रिया उद्योग उत्पादनाच्या मानाने लहान असल्याने तडकलेल्या व डागी फळांना अल्प दर मिळतो.

निर्यात

संयुक्त अरब अमिराती, बांगलादेश, नेपाळ व नेदरलँड्स या भारतीय डाळिंबाच्या प्रमुख बाजारपेठा आहेत. बांगलादेशने आयात शुल्क वाढवले की त्याचा परिणाम येथील दरावर जाणवतो. युरोपसाठी कीडनाशकांच्या उर्वरित अंशांची मर्यादा कडक असून बागेची नोंदणी अपेडाच्या ‘अनारनेट’ प्रणालीत करावी लागते. तेल्यामुळे फवारण्या वाढतात आणि फवारण्या वाढल्या की ही मर्यादा पाळणे कठीण होते, हा पेच निर्यातीच्या अल्प प्रमाणामागील एक महत्त्वाचे कारण आहे.

अमेरिकेला जाणाऱ्या फळांवर विकिरण प्रक्रिया करावी लागते. वाशी येथे राज्य कृषी पणन मंडळाचे तसे केंद्र आहे. विमानभाडे महाग पडत असल्याने फळ ६० दिवसांपर्यंत टिकवून जहाजाने पाठवण्याचे प्रयोग अपेडा, पणन मंडळ व केगावचे केंद्र यांनी केले. सोलापूर भागातील ५.७ टन डाळिंबे ६ डिसेंबर २०२४ रोजी जहाजाने रवाना होऊन १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोहोचली. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये भगव्याची सुमारे १४ टनांची खेप पाच आठवड्यांच्या सागरी प्रवासानंतर न्यूयॉर्क येथे उतरली.