नऊ वर्षांची हो आणि मुलचेऱ्याला चल

साल 1986, महिना एप्रिल, तुझं वय नऊ. हे घर माझं, पण पुढचे काही तास ते तुझं आहे. गावात तुला सगळे 'पोरी' म्हणूनच हाक मारतील, तेव्हा नाव विचारलं तर गोंधळू नकोस.

"ऊठ वं पोरी, मोह पडाले लागला," माय म्हणते. अजून उजाडलेलं नाही. चप्पल शोधू नकोस, तुला चप्पल नाही. कोपऱ्यातली बांबूची टोपली उचल आणि मायच्या मागोमाग पाऊलवाटेनं नीघ. पुढे आजी आहे, तिच्या हातात कंदील. मोहाच्या दिवसांत अस्वलही याच झाडांखाली येतं, म्हणून बाया मुद्दाम मोठ्यानं बोलत चालल्यात. तूही काहीतरी बोलत राहा.

झाड आलं. गेल्या आठवड्यात बाबांनी खालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी करून ठेवलीय. काळ्या राखेवर पडलेलं पिवळट पांढरं फूल अंधारातही दिसतं. खाली बस. फूल दोन बोटांनी उचल, दाबू नकोस, दाबलंस की रस निघतो आणि बोटं चिकट होतात. एक तोंडात टाक. गोड लागतं, मग मागून एक उग्र वास नाकात चढतो. डोक्यावर पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या फांद्या आणि फुलांचे घोस. त्यातून फुलं एकेक करून खाली येतायत, तुझ्या पाठीवर, केसांत, टोपलीत. ऊन चढेपर्यंत हे असंच चालेल. मग ही फुलं शेणानं सारवलेल्या अंगणात वाळत पडतील, चार दिवसांत तपकिरी होतील, आणि आठवडी बाजारात त्यांचं मीठ, मिरची, तुझ्या शाळेचा सदरा होईल.

आता कान दे, कारण माय हे आयुष्यात एकदाच बोलणार आहे. फुलं वेचता वेचता, वर न बघता ती म्हणते, "मले एकदा रेल्वेत बसाचं हाय." आजी हसते. माय हसत नाही. तिचा भाऊ बल्लारपूरला कागद कारखान्याच्या यार्डात हमालीला जायचा. त्यानं तिला सांगितलंय की इंजिनाची शिट्टी वाजली की पायाखालची जमीन थरथरते. माय आजवर सगळ्यात लांब गेली ती मार्कंड्याच्या जत्रेला, महाशिवरात्रीला, बैलगाडीनं. वैनगंगेत आंघोळ करून, देवळाला प्रदक्षिणा घालून परत. सगळ्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आहे ती एका टोकाला, वडशाला, तीही छोट्या रुळांची. इथून वडसा म्हणजे दुसरा मुलूखच. जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. त्याला चार वर्षं व्हायची आहेत आणि आजी अजून 'चांदा जिल्हा' असंच म्हणते.

तिला काही विचारू नकोस. मीही विचारलं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीला आईची इच्छा ही गोष्टच ठाऊक नसते. आई भाकर देते, ओरडते, केस विंचरते, एवढंच तिला ठाऊक असतं.

दुपारी रस्त्याच्या कडेला उभी राहा. धूळ उठली की समज, बांबूचा ट्रक. आष्टी, गोंडपिपरी, कोठारी करत हा बल्लारपूरला जाईल. तिथल्या कारखान्यात या जंगलातला बांबू शिजवून, लगदा करून कागद होतो. बाबा बांबू तोडायला जातात, जंगलात मुक्काम करून, आणि बाजाराच्या दिवशी घरी येतात. त्यांचे तळवे बघ. बांबूची कुसं शिरून शिरून कातडी अशी झालीय की मायच्या सुईनंही आता काटा निघत नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात लागेल, तेव्हा सगळं घर पुडे बांधेल, सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. बांबूचे आणि पत्त्याचे दर हा गावातला रात्रीचा विषय असतो, आणि त्या बोलण्यात हळू आवाजात 'दादालोक', म्हणजे नक्षलवादी, हा शब्दही येतो. तो आला की मोठी माणसं तुझ्याकडे बघतात आणि गप्प होतात. तू झोपल्याचं सोंग घे.

आज बाजार आहे, म्हणजे बाबा घरी आहेत. संध्याकाळी पेज पिऊन झाल्यावर ते तुझ्या शेजारी येऊन बसतील. तू कंदिलाजवळ अभ्यासाला बसलीयस. ते वहीवरून बोट फिरवतील आणि विचारतील, "माझं नाव कसं लिहितात? लिहून दाखव." वहीच्या शेवटच्या पानावर लिही. सावकाश लिही, घाई करू नकोस, कारण ते प्रत्येक रेष बघतायत. मजुरीच्या कागदावर आजवर त्यांनी अंगठाच लावलाय. लिहून झालं की ते वही उजेडात तिरकी धरतील. "एवढंच?" म्हणतील. मग बऱ्याच वेळानं, "अजून एकदा लिही."

ही वही बल्लारपूरच्याच कागदाची असेल का, हे मला ठाऊक नाही. पण पुढे कितीतरी वर्षं कोरा कागद हातात आला की मला बाबांचे तळवेच दिसत. आपण लिहावं, खूप लिहावं, हे मला वाटायला लागलं ते त्या संध्याकाळी. ते कुणाला सांगावं असं काही नव्हतं. आमच्याकडे स्वप्नं सांगण्याची रीत नव्हती.

उद्या शाळा सुटली की तुझ्या मैत्रिणीबरोबर तिच्या घरी जा. ती बंगाली वस्तीतली आहे. सुंदरनगर, विवेकानंदपूर, अशी ही गावं, 1964 नंतरच्या वर्षांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची. आधी रायपूरजवळचा माना कॅम्प, मग इथलं जंगल. घराजवळ पाणी पाहिजेच म्हणून त्यांनी तळी खोदली, त्यात मासे सोडले. मैत्रिणीच्या अंगणात शेणाचा वास आपल्यासारखाच आहे, पण चुलीवरचा वास वेगळा, मोहरीच्या तेलाचा. तिची आजी तुझ्या ताटलीत माशाचा मोठा तुकडा वाढेल आणि तू नाही म्हणालीस तरी दुसरा वाढेल.

तिचे आजोबा तळ्याच्या काठावर बसलेले असतात. सगळे त्यांना दादू म्हणतात, तूही म्हण. तुझ्याशी ते मोडक्या हिंदीत बोलतील. "हमारा देश में नदी इतना बड़ा, इधर का आदमी उधर दिखता नहीं." तू त्यांना दिना नदीबद्दल सांग, पावसाळ्यात पूर आला की रस्ता बंद होतो, शाळेचे गुरुजी पलीकडेच अडकतात. ते हसतील, पण चेष्टेनं नाही. दिना त्यांच्या नदीपुढे ओढाच आहे, तरी एका पोरीनं आपली नदी मोठी म्हणून सांगावी हे त्यांना आवडलंय. मग ते पुन्हा तळ्याकडे बघत बसतील. त्यांना एकदा तिकडे जाऊन यायचंय. राहायला नाही, नुसतं बघून यायला. हे मला मैत्रिणीनं सांगितलं, त्यांनी नाही.

आणि तिच्या बाबांचं म्हणणं आणखी वेगळं. नमःशूद्र म्हणून त्यांची जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडते, महाराष्ट्रात मोडत नाही. तिकडे पाठवलेल्या भावाच्या मुलांना सवलत, इथे वाढलेल्या मुलीला नाही. इथेही ती सवलत मिळावी, ही मागणी तेव्हाही होती, आजही आहे. दादूंची पिढी गेली, तिच्या बाबांची पिढी म्हातारी झाली, आणि कागद तिथेच आहे. एका कुटुंबाला सरकारनंच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन बसवायचं आणि मग तुझी जात इथे चालत नाही म्हणायचं, हा अन्याय आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते म्हणून मला तो कळला नाही. आता कळतो.

आता पुढे ये. बरीच वर्षं एकदम ओलांड. मुलचेरा तालुक्याचं ठिकाण झालंय. तू नोकरीला लागलीयस. बल्लारशाहच्या फलाटावर उभी आहेस आणि शेजारी माय आहे, नव्या लुगड्यात, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. बाबा नाहीत. आपलं नाव ते शेवटपर्यंत स्वतः लिहायचे, वाकडं, पण स्वतः.

गाडी आली की तिला खिडकीजवळ बसव. चंद्रपूर गेलं, भांदक गेलं. ती बोलत नाहीये. वरोरा मागे पडल्यावर ती पहिल्यांदा तोंड उघडेल, आणि काय विचारेल तर, "इकडे बांध्या काऊन नाहीत वं?" खरंच नाहीत. धानाची चिखलाची शिवारं संपलीत, काळी जमीन आणि कापूस सुरू झालाय. हिंगणघाट येईपर्यंत ती फक्त शेतं बघेल. कोणत्या जमिनीत काय पिकतं, पाणी कुठून घेतलंय, विहिरी किती. इंजिनाची शिट्टी, थरथर, यातलं काहीच ती बोलणार नाही. तिला रेल्वेत बसायचं होतं ते दुसऱ्यांची शेतं बघायला, हे मला त्या दिवशी सेवाग्राम स्टेशनात कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की तिला इंजिनाचं कौतुक आहे.

वडसा ते गडचिरोली, 52 किलोमीटरच्या नव्या मार्गाचं काम अजून चालू आहे. माय दर काही महिन्यांनी फोनवर विचारते, रूळ कुठवर आले.

तुमच्याही घरात अशी एखादी बाई असेल, असा एखादा म्हातारा असेल. त्यांना तब्येतीबद्दल विचारून झालं की एवढं विचारा: तुम्हाला काय बघायचं होतं, कुठे जायचं होतं? आणि उत्तर आलं की 'का' हेही विचारा. माझ्यासारखी इतकी वर्षं लावू नका.